व्यसनातून सावरणाऱ्या बेघरांसाठी कायमचे घर: ही पद्धत नेमकी काय आहे आणि ती बेळगाव भागात कशी रुजू शकेल

व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर उपचार घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला निरोप देताना सांगायच्या गोष्टी ठरलेल्या असतात. जुनी संगत सोडा, पूर्वी जिथे पीत होता तिकडे फिरकू नका, गोळ्या वेळेवर घ्या, झोप पुरी करा आणि पंधरा दिवसांनी तपासणीला या. सल्ला योग्यच आहे, मात्र तो घर असलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. ज्याची पथारी बेळगाव रेल्वे स्थानकाबाहेर, बसस्थानकाच्या आडोशाला किंवा बाजारपेठेतील बंद दुकानाच्या फळीवर पडते, त्याची जुनी संगत म्हणजे रात्री त्याचे गाठोडे राखणारी माणसेच असतात, आणि गोळ्यांचे पाकीट ठेवायला त्याच्याजवळ शर्टाच्या खिशाखेरीज जागा नसते. अशा माणसावर केंद्राने घेतलेली मेहनत आणि त्याने स्वतः सोसलेला त्रास काही दिवसांत वाया जातो, आणि मग ‘हा सुधारणारच नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. या प्रश्नावर जगातील काही शहरांनी गेल्या तीन दशकांत जो उपाय करून पाहिला, त्याला ‘पर्मनंट सपोर्टिव्ह हाउसिंग’ म्हणतात. आपण त्याला ‘साहाय्यासह कायमचे घर’ म्हणू. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील वाचकांना तो उपाय नीट समजावा आणि त्यातील कोणता भाग आपल्याकडे शक्य आहे याचा विचार करता यावा, यासाठी हा लेख आहे.

या पद्धतीत माणसाला आतून कडी लावता येईल अशी स्वतंत्र खोली किंवा लहान घर मिळते आणि त्याचा भाडेकरार त्याच्याच नावावर असतो. भाडे त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात ठरते. अमेरिकेतील सरकारी योजनांत भाडेकरूने साधारणपणे उत्पन्नाच्या 30 टक्के रक्कम द्यावी आणि उरलेले भाडे योजनेने भरावे, अशी रीत आहे. घराबरोबर एक कार्यकर्ता किंवा कार्यकर्त्यांचा गट त्याच्याशी जोडलेला असतो. डॉक्टरकडे नेणे, कागदपत्रे काढून देणे, घरमालकाशी बोलणे, काम शोधण्यास मदत करणे आणि नुसते येऊन विचारपूस करणे ही त्या गटाची कामे. ही मदत घेणे ऐच्छिक असते. कार्यकर्ता ती पुन्हा पुन्हा देऊ करतो, पण ती नाकारली म्हणून कुणाचे घर जात नाही. ‘कायमचे’ म्हणजे योजनेने मुदत घातलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. आपल्याकडे खोलीचे करार बहुधा 11 महिन्यांचे होतात. ते वेळच्या वेळी पुन्हा होत राहिले आणि ‘आता तुझी पाळी संपली’ असे कुणी म्हटले नाही, तर ते घर या अर्थाने कायमचेच ठरते.

रात्रीचा निवारा ही वेगळी सोय आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निवारा योजनेत दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे किमान 100 जणांची सोय आणि माणशी किमान 50 चौरस फूट जागा असा निकष ठरला होता. 2011 च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या सुमारे 4 लाख 88 हजार होती, म्हणजे त्या निकषाने इथे जवळजवळ 500 जणांची सोय हवी. पावसाळ्यात आणि डिसेंबरच्या थंडीत निवारा जीव वाचवतो, त्यामुळे तो असलाच पाहिजे. परंतु मोठ्या हॉलमध्ये ओळीने घातलेल्या खाटांवर, शेजारचा पिऊन आलेला असताना, नुकतीच दारू सोडलेल्या माणसाने सावरावे ही अपेक्षा वाजवी नाही. व्यसनमुक्ती केंद्र हे उपचाराचे ठिकाण आहे आणि तिथला मुक्काम ठरावीक काळाचा असतो. केंद्र आणि समाज यांच्या मधला टप्पा म्हणून चालवले जाणारे हाफवे होम हेही तात्पुरतेच असते. या सगळ्या सोयींच्या शेवटी ‘पुढे कुठे?’ हा प्रश्न उरतो, आणि साहाय्यासह कायमचे घर हे त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे आले.

पूर्वीची समजूत अशी होती, की बेघर माणसाने जिन्याप्रमाणे एकेक पायरी चढावी: आधी निवारा, मग उपचार, मग दारू पूर्ण बंद, मग सामूहिक वसतिगृह, आणि हे सारे पार पडल्यावर बक्षीस म्हणून घर. प्रत्यक्षात बहुतेक जण मधल्या एखाद्या पायरीवरून घसरत आणि थेट रस्त्यावर येत. न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने 1992 मध्ये ‘पाथवेज टू हाउसिंग’ ही संस्था सुरू करून हा क्रमच उलटा केला. त्यांनी गंभीर मानसिक आजार असलेल्या आणि बहुतांशी व्यसनही असलेल्या बेघरांना अट न घालता प्रथम घर दिले, आणि उपचार नंतर, त्या माणसाच्या कलाने सुरू केले. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांनंतर या संस्थेचे 88 टक्के लोक घरात टिकून होते, तर पायऱ्यांच्या पद्धतीत हे प्रमाण 47 टक्के होते. ‘आधी घर’ म्हणजेच ‘हाउसिंग फर्स्ट’ हे नाव या विचाराला तिथून मिळाले.

दारू सुटण्याआधी घर द्यायचे हे ऐकल्यावर मनात पहिली शंका येते ती म्हणजे हे व्यसनाला खतपाणी घालणे तर नव्हे? शंका रास्त आहे, म्हणून थोडे तपशिलात गेले पाहिजे. रस्त्यावर झोपणाऱ्याला दारू नशेपलीकडच्या कारणांसाठीही लागते. थंडी, डास, पोलिसांची हाक, चोरीची भीती आणि अंगदुखी यांत झोप लागण्यासाठी ती घेतली जाते. पहाटे उठल्यावर हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळते, आणि एक क्वार्टर पोटात गेली की हे सारे थांबते. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रमाची अवस्था येऊन जीवही जाऊ शकतो. त्यामुळे अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. पुढे ओढ कमी करणारी औषधे महिनोन्महिने नेमाने घ्यायची असतात आणि त्यांतील काही औषधांसाठी यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. अफू वर्गातील पदार्थांची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सवय मोडते आणि मग जुन्याच प्रमाणात घेतलेला एक डोस प्राणघातक ठरू शकतो. झोप, जेवण, औषधाची जागा, तपासणीची तारीख आणि कार्यकर्त्याला सापडता येईल असा पत्ता यांवाचून यातले काहीही नीट पार पडत नाही. घर व्यसन बरे करत नसले, तरी उपचार लागू पडण्यासाठी जी किमान स्थिती लागते ती घराने तयार होते, एवढाच या पद्धतीचा दावा आहे, आणि माझ्या मते तो पूर्णपणे पटण्यासारखा आहे.

सिएटल शहरातील ‘1811 ईस्टलेक’ ही इमारत या वादातील सर्वांत कडक कसोटी ठरली. 2005 मध्ये उघडलेल्या या 75 खोल्यांच्या इमारतीत शहरातील अत्यंत जुने मद्यासक्त बेघर राहायला आणले गेले आणि त्यांना स्वतःच्या खोलीत दारू पिण्याची मुभा ठेवली गेली. विरोध प्रचंड झाला. 2009 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या प्रकल्पाचे निष्कर्ष आले. रहिवाशांच्या रोजच्या पिण्याचे मध्यक प्रमाण (ज्याहून निम्मे जण कमी आणि निम्मे जास्त पितात ते) सुमारे 16 पेगांवरून वर्षभरात सुमारे 11 पेगांवर उतरले होते. रुग्णालय, तुरुंग, नशा उतरवण्याची केंद्रे अशा सार्वजनिक सेवांवर होणारा खर्च माणशी दरमहा सुमारे 4 हजार डॉलरवरून वर्षअखेर एक हजार डॉलरच्या आत आला होता. अकरा पेग हे प्रमाण कमी नव्हे, हे खरेच. पण ज्या माणसांवर इतर सर्व उपाय संपले असे मानले जात होते, त्यांनी सक्तीवाचून पिणे कमी केले, आणि बाहेर तडफडण्याऐवजी छपराखाली जगू लागले, ही गोष्ट मी मोठी मानतो.

तरीही या पद्धतीकडून काय अपेक्षा ठेवू नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. कॅनडाने 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत 2 हजारांहून अधिक बेघरांवर एक मोठा प्रयोग केला. त्यात कुणाला ‘आधी घर’ मिळेल आणि कुणाला नेहमीच्या सेवा, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातील 62 टक्के लोक सर्व काळ घरात होते आणि दुसऱ्या गटातील 31 टक्के. व्यसनाच्या बाबतीत मात्र दोन्ही गट थोडेफार सुधारले आणि त्यांच्यात ठळक फरक पडला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी 2018 मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हाही या घरांमुळे लोक घरात टिकतात हे त्यांना मान्य झाले, पण एचआयव्हीग्रस्तांचा अपवाद वगळता आरोग्य सुधारल्याचा भक्कम पुरावा अद्याप हाती नाही असे त्यांनी नोंदवले. त्यामुळे कुणी ‘खोली द्या, दारू आपोआप सुटेल’ असे सांगत असेल, तर ते पुराव्याला धरून नाही. डॉक्टर, समुपदेशन, व्यसन सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या सभा आणि वेळ यांची गरज घर मिळाल्यावरही तेवढीच राहते.

आता घरातील नियमांकडे वळू. इतर कुठल्याही भाडेकरूला जे नियम, तेच इथे लागू होतात: भाडे भरायचे, मारामारी करायची नाही, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही, अमली पदार्थ विकायचे नाहीत. हे नियम मोडले तर खोली जाऊ शकते, पण पुन्हा दारू घेतली या एका कारणाने ती जात नाही. व्यसनाच्या आजारात घसरण होणे ही नित्याची बाब आहे, आणि घसरल्याबरोबर छप्पर जाणार असेल तर माणूस घसरण लपवू लागतो, मदत मागायची सोडतो. भाडे वसूल करणारा माणूस आणि मदत करणारा कार्यकर्ता हे वेगळे असावेत, हा दंडक त्याचसाठी आहे. ज्याच्या हाती घर काढून घेण्याची सत्ता आहे, त्याच्याजवळ काल रात्री प्यालो हे कोण कबूल करील?

कार्यकर्त्याचे काम जिकिरीचे असते. जास्त गरज असलेल्या लोकांसाठी साधारण दहा जणांमागे एक कार्यकर्ता असे प्रमाण धरले जाते, कारण आठवड्यातून निदान एकदा तरी प्रत्येकाच्या खोलीवर जाऊन यावे लागते. पहिल्या काही महिन्यांत एकाकीपणा फार छळतो. वर्षानुवर्षे चारचौघांत उघड्यावर झोपलेल्या माणसाला बंद खोलीत झोप येत नाही, तो पुन्हा स्थानकावर जाऊन बसतो, किंवा जुन्या सोबत्यांना खोलीवर आणतो आणि मग ते सोबती खोलीचा ताबा घेतात. एकट्याने बंद दाराआड अतिसेवन केले तर कुणाला कळतही नाही, आणि हा या पद्धतीतील खरा धोका आहे. आपल्याकडे आणखी एक प्रसंग नेमाने येतो, तो बटवड्याच्या दिवसाचा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, वीटभट्टीवर किंवा गवंड्याच्या हाताखाली राबणाऱ्याच्या हाती आठवड्याची मजुरी एकरकमी पडते आणि त्या संध्याकाळी ती घरापर्यंत पोचवणे ही एक लढाई असते. त्या दिवशी कार्यकर्त्याने कामाच्या ठिकाणी भेटून भाड्याचा वाटा आधी बाजूला काढायला मदत केली, तर महिन्याचे गणित सांभाळता येते. अर्थात त्या माणसाने तशी मदत मागितली असेल तरच.

सर्वांना एकाच साच्यात बसवू नये, हेही इथे नोंदवतो. काही जणांना दारूचा वासही नको असतो आणि त्यांना कडक निर्व्यसनी वातावरणच हवे असते. अशांसाठी अमेरिकेत 1975 पासून ‘ऑक्सफर्ड हाउस’ पद्धतीची घरे आहेत, जिथे रहिवासी स्वतःच घर चालवतात, खर्च वाटून घेतात आणि पुन्हा पिणाऱ्याला घर सोडावे लागते. ती व्यवस्थाही चांगली आहे, अट एवढीच की तिथून बाहेर पडलेल्याला दुसरा दरवाजा उघडा असावा. स्त्रियांसाठी स्वतंत्र घरे लागतात, कारण बेघर स्त्रीच्या व्यसनामागे आणि घर सुटण्यामागे अनेकदा मारहाण असते, आणि पुरुषांसाठी बेतलेल्या जागेत ती पाऊलही ठेवणार नाही.

फिनलंडने हा विचार सुट्या प्रकल्पांपुरता न ठेवता देशाचे धोरण केला. 2008 पासून तिथे मोठे निवारे बंद करून त्याच इमारतींचे भाडेकराराच्या घरांत रूपांतर करण्यात आले आणि कर्मचारी त्याच इमारतीत नेमले गेले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिथे सुमारे 18 हजार बेघर होते, ती संख्या 2022 मध्ये 4 हजारांच्या आत आली. फिनलंड श्रीमंत आणि विरळ वस्तीचा देश आहे, त्यामुळे तिथला आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. सरकारने घरे आधी बांधली किंवा विकत घेतली आणि मग वाटली, हा क्रम मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

भारतात 2011 च्या जनगणनेने सुमारे 17.7 लाख बेघर नोंदवले. 2019 मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 16 कोटी लोक मद्य घेतात, 5.7 कोटी लोकांना मद्यामुळे निर्माण झालेल्या अडचणींसाठी मदतीची गरज आहे, आणि मद्यासक्त असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कुठली तरी मदत मिळाली आहे. आपल्या भागाची परिस्थिती त्यात आणखी गुंतागुंतीची आहे. कर्नाटकाने 2007 मध्ये अरक ही देशी दारू बंद केली, तरी परवान्याची दारू गल्लोगल्ली आहे, आणि चोर्ल्याच्या घाटापलीकडे गोव्यात ती स्वस्त मिळते. खानापूर तालुक्यातून गोव्यात हॉटेलांत आणि बांधकामावर कामाला गेलेले कितीतरी तरुण व्यसन घेऊन परततात. घराची दारे बंद झालेली असली, की ते बेळगावात थांबतात.

सीमेचा ताप कागदपत्रांत अधिक जाणवतो. समजा, एक माणूस चंदगड तालुक्यातला आहे. त्याचे रेशन कार्ड महाराष्ट्राचे आहे, काम आणि पथारी बेळगावात आहे, आणि त्याला कन्नड वाचता येत नाही. त्याला जिल्हा रुग्णालयातील फॉर्म कळत नाही, आणि राज्याच्या आरोग्य योजनेसाठी कर्नाटकाचे कार्ड मागितले की तो माघारी फिरतो. अशा वेळी एक गोष्ट माहीत असावी. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवणाऱ्या मानसिक स्थितींचा मानसिक आजारांत समावेश आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम 18 नुसार निराधार किंवा बेघर व्यक्तीला सरकारी मानसोपचार संस्थांत मोफत उपचारांचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाजवळ कार्ड असो वा नसो, हा हक्क त्यालाही आहे. कलम 19 समाजात राहण्याचा हक्क देते आणि गरज संपूनही रुग्णालयात राहणाऱ्यांसाठी हाफवे होम, सामूहिक घरे अशा सोयी उभारण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. बेळगावचे जिल्हा रुग्णालय आणि धारवाडची डिम्हान्स ही सरकारी मानसोपचार संस्था उपचारांसाठी आवाक्यात आहेत. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा फोनवर उपलब्ध आहे, आणि टेलिमानसवर मराठीतूनही बोलता येते. मनातली लाज आणि ओढ माणूस मातृभाषेतच नीट सांगू शकतो, म्हणून मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईने बोलणारा कार्यकर्ता इथे आवश्यक आहे.

उपचारांची ही बाजू अपुरी असली तरी अस्तित्वात आहे, घराची बाजू मात्र रिकामी आहे. तिचे भारतीय उदाहरण चेन्नईच्या ‘द बन्यन’ या संस्थेने घालून दिले. 1993 मध्ये सुरू झालेली ही संस्था ‘होम अगेन’ या उपक्रमात मानसिक आजारातून सावरणाऱ्या, दीर्घकाळ संस्थेत अडकलेल्या व्यक्तींसाठी साध्या वस्तीत घरे भाड्याने घेते आणि चार-पाच जणींना एकत्र संसार करू देते. मदतीला कार्यकर्ती असते. हा उपक्रम व्यसनाधीनांसाठी आखलेला नाही, तरी भाड्याची साधी घरे घेऊन कायमचे साहाय्य देता येते हे त्याने दाखवून दिले आहे. कुटुंबात परत पाठवणे हेच पुनर्वसन, असे आपल्याकडे धरून चालतात. ज्याच्या बायकोने वीस वर्षे मार खाल्ला, तिच्यावर त्याला पुन्हा घरात घेण्याचे ओझे टाकणे अन्यायाचे आहे, आणि वेगळी खोली मिळाल्यास त्या दोघांचे बोलणे निदान सुरू होण्याची शक्यता उरते.

बेळगावात खोली मिळवताना डिपॉझिट, जामीन आणि गल्ली अशा तीन अडचणी येतील. डिपॉझिट आणि जामीन संस्थेने घ्यावा. भाडे थकल्यास किंवा खोलीचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा एक छोटा राखीव निधी असेल, तर घरमालकाचा जीव थोडा निर्धास्त होतो. करार नोंदणीकृत करून घेतल्यास तो पत्त्याचा पुरावा म्हणून आधार कार्डासाठी चालतो आणि तिथून बँक खात्याचा मार्ग खुला होतो. गल्लीची अडचण मात्र पैशाने सुटत नाही. शहापूर, वडगाव, अनगोळ अशा भागांत गल्लीच्या पंचांचा शब्द चालतो, आणि ‘इथे दारुड्यांना आणू नका’ असे ते म्हणाले तर त्यामागे लेकीबाळींची खरी काळजी असते. पंचांच्या बैठकीला स्वतः जावे, एका गल्लीत एक-दोनच खोल्या घ्याव्यात, रात्री-अपरात्री उचलला जाईल असा कार्यकर्त्याचा फोन नंबर शेजाऱ्यांना द्यावा आणि तक्रार आली की त्याच दिवशी यावे. भाडेकरूचा आजार काय, हे मात्र त्याच्या संमतीवाचून कुणालाही सांगू नये.

पैशाचा प्रश्न शेवटी येतोच. कर्नाटकात 1975 च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली घरपट्टीवर 3 टक्के उपकर घेतला जातो, म्हणजे बेळगावात घरपट्टी भरणारा प्रत्येक जण निराश्रितांसाठी आधीच काही रक्कम देतो. तो पैसा भीक मागणाऱ्यांना पकडून ठेवायच्या केंद्रांसाठी आहे आणि कायदा बदलल्यावाचून तो खोल्यांच्या भाड्याकडे वळवता येणार नाही. मात्र नगरसेवकांना आणि आमदारांना या उपकराचा हिशेब विचारण्याचा, आणि त्यातील काही भाग भाड्याच्या घरांसाठी मिळावा अशी मागणी करण्याचा हक्क नागरिकांना नक्की आहे. तोवर एखाद्या व्यसनमुक्ती संस्थेने, रोटरीसारख्या क्लबने किंवा पतसंस्थेच्या धर्मादाय निधीने पाच खोल्यांपासून सुरुवात करावी. निवड करताना सर्वांत चांगले वागणारे पाच जण घेऊ नयेत, कारण ते बहुधा खोलीवाचूनही तरले असते. जे तीन-चार वेळा केंद्रातून जाऊन परत स्थानकावर आले आहेत, त्यांना पहिल्या किल्ल्या द्याव्यात. वर्षअखेरीस नोंदवहीत किती जण अजून त्याच खोलीत आहेत, किती जण तपासणीच्या तारखेला पोचले आणि किती वेळा इमर्जन्सीत न्यावे लागले हे लिहावे, आणि दारू किती जणांची सुटली हा रकाना त्यानंतर भरावा.